भिंत आडवी आली तर

मागील महिन्यात ह्या सदराकडे आलेल्या पत्रांत सांगलीकडील एका भगिनींचे सहा पानी पत्र आहे. त्याचा सारांश असा. घर मोठे, तीन जावांचे. थोरल्या जाऊबाईंचा मुलगा पंधरा वर्षांचा, अभ्यासात बरा, वागण्यात सालस. परंतु गेल्या दिवाळीपासून त्यास एका विचित्र व्यायामाचे वेड लागले आहे. जिना असता तो जिन्याने उतरत नाही, फाटक उघडे असता कट्ट्यावर हात टेकून पलीकडे जातो, आणि मध्यंतरी एके दिवशी ओसरीच्या कठड्यावरून त्याने जी उडी टाकली ती नेमकी तुळशीपाशी दिवा लावीत असलेल्या आजींच्या पुढ्यात. तेव्हापासून सासूबाईंनी एकच धोशा लावला आहे की, एक तर हा पोर हातपाय मोडून घेईल, नाही तर माझा प्राण घेईल. मुलाचे वडील म्हणतात, कोंडून घाला. धाकटे दीर म्हणतात, पुरुषाच्या जातीने उड्या मारू नयेत तर काय विणकाम करावे? आणि मुलगा म्हणतो, ह्याला पार्कूर म्हणतात, हे एक शास्त्र आहे, तुम्हां कोणालाच त्यातले काही कळत नाही. ह्यांत बरोबर कोण, आणि मुख्य म्हणजे मुलास परवानगी द्यावी की नाही, हे आम्ही आडपडदा न ठेवता लिहावे, असा भगिनींचा आग्रह आहे.

आडपडदा न ठेवता लिहावयाचे तर पुरते बरोबर कोणीच नाही. आणि सर्वांत कमी चूक आजींची आहे, असे आमचे मत आहे. परंतु ज्या गोष्टीचे नावही घरातील वडीलधाऱ्यांनी पूर्वी ऐकलेले नाही, तिला होकार द्या की नकार द्या, दोन्ही आंधळेपणाचेच होणार. तेव्हा ही विद्या मुळात आली कोठून ते आधी पाहू.

आमची स्वतःची कबुलीही येथेच देऊन टाकतो. काही वर्षांपूर्वी आमच्या पुतण्याने मोबाईलवर ह्या प्रकारची चलच्चित्रे आम्हांस प्रथम दाखविली, तेव्हा एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर झेपावणारी ती पोरे पाहून 'ह्या माकडचेष्टा होत' असा अभिप्राय देऊन आम्ही चष्मा काढून ठेवला होता. पुढे ह्या विषयाचे थोडे वाचन घडले, आणि तो अभिप्राय आम्हांस मुकाट्याने परत घ्यावा लागला.

पार्कूर हा शब्द फ्रेंच भाषेतला. त्याचा अर्थ मार्ग, वाटचाल. फ्रेंच सैन्यात शिपायांस भिंती, खंदक, दोर, तुळया ओलांडून जाण्याचा जो सराव देतात, त्या अडथळ्यांच्या वाटेस 'लढवय्याचा पार्कूर' अशा अर्थाचे नाव आहे. त्यातला पहिला शब्द गळून दुसरा राहिला, आणि १९९८ च्या सुमारास एका नटमित्राच्या सूचनेवरून त्याची अक्षरे थोडी बदलून घेतली, एवढेच. शब्दामागची कल्पना मात्र पुष्कळ जुनी असून ती एका आरमारी अधिकाऱ्याची आहे.

ह्या अधिकाऱ्याचे नाव जॉर्ज एबेर. जन्म १८७५ चा, मृत्यू १९५७ चा. आरमाराच्या नोकरीत तो दूरदूरच्या देशांतून हिंडला. ज्यांनी व्यायामशाळेचे तोंडही पाहिलेले नाही अशा रानावनांतील लोकांची शरीरे त्याने पाहिली. ती घाटदार, चपळ आणि दणकट होती. हे लोक डंबेल्स फिरवीत नव्हते. ते चालत, धावत, झाडावर चढत, ओझी उचलीत आणि नदी पोहून जात, इतकेच. हे त्याच्या मनात घोळत असतानाच ८ मे १९०२ हा दिवस उजाडला. कॅरिबियन समुद्रातील मार्तिनिक बेटावर माँ पेले नावाच्या ज्वालामुखीचा स्फोट होऊन सें-प्येर हे भरभराटीचे शहर काही मिनिटांत भस्म झाले. सुमारे २८,००० माणसे मेली. एबेर त्या सुमारास फ्रेंच आरमारातर्फे त्याच भागात होता आणि वाचलेल्यांस हलविण्याच्या कामी त्याने भाग घेतला. अशी सुमारे ७०० माणसे वाचली, असे त्याच्या चरित्रांतून सांगतात. शरीराचे बळ, मनाचे धैर्य आणि दुसऱ्यासाठी धावून जाण्याची वृत्ती ह्या तिन्ही गोष्टी एकत्रच शिकविल्या पाहिजेत, अशी त्याची ह्या प्रसंगाने खात्री झाली. 'उपयोगी पडता यावे म्हणून बलवान व्हा' हे त्याचे पुढील सर्व शिक्षणाचे ब्रीद ठरले.

स्वदेशी परतल्यावर लोरियाँ येथील आरमारी शाळेत त्याने आपली पद्धती सुरू केली. तिला तो 'नैसर्गिक पद्धती' म्हणे. चालणे, धावणे, उडी मारणे, चारी अंगांनी चालणे, चढणे, तोल सावरणे, फेकणे, उचलून नेणे, स्वसंरक्षण आणि पोहणे असे तिचे दहा विभाग. त्या काळी युरोपात स्वीडिश कवायतीचा मोठा बोलबाला होता; रांगेत उभे राहून एक-दोन-तीनच्या तालावर हात वर, हात खाली. एबेरला ती निर्जीव वाटे. चढाओढीच्या खेळांवरही त्याचा राग होता. १९२५ साली त्याने एक सबंध पुस्तकच त्यांच्याविरुद्ध लिहिले. पदकासाठी एकच अंग वाढवून घेतलेला मनुष्य पुरात दुसऱ्यास खांद्यावर घेऊन बाहेर पडू शकेलच असे नाही, हा त्याचा मुद्दा आम्हांस आजही बिनतोड वाटतो. आमच्या भगिनीवर्गास विशेष वाटावे ते हे की, १९१९ साली त्याने स्त्रियांच्या व्यायामावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि स्त्रियांनीही धावावे, चढावे, पोहावे असे निक्षून सांगितले. कमरेस घट्ट पट्टे आवळून घेण्याची चाल ज्या समाजातून नुकती कोठे जाऊ लागली होती, त्या समाजात हे सांगण्यास छाती लागते.

आता दुसरा मनुष्य. ह्याची हकीकत आम्हांस एबेरच्या कर्तबगारीपेक्षाही अधिक चटका लावून गेली.

रेमाँ बेल ह्याचा जन्म १९३९ साली व्हिएतनामातील ह्यूए ह्या शहरी झाला. वडील फ्रेंच डॉक्टर, आई व्हिएतनामी. फ्रेंचांची त्या देशात लढाई पेटली आणि त्या धामधुमीत मुलाची आईबापांशी ताटातूट झाली. सात वर्षांचे पोर दालात येथील सैनिकी अनाथगृहात जाऊन पडले. अशा ठिकाणी लहानांवर मोठ्यांची काय दांडगाई चालत असेल, हे सांगावयास नको. ह्या मुलाने मनाशी ठरविले की, आपण कोणाच्या हाती सापडावयाचे नाही. दिवसा इतरांबरोबर कवायत करावी आणि रात्री सारे निजले म्हणजे गुपचूप उठून शिपायांच्या अडथळ्यांच्या वाटेवर जावे; तीच भिंत, तोच दोर, तीच तुळई अंधारात पुन्हा पुन्हा ओलांडावी; झाडांवर आणि भिंतींवर आपल्या स्वतःच्या वाटा आखाव्या, असा त्याचा क्रम वर्षानुवर्षे चालला. त्याच्या ह्या खटाटोपास प्रेक्षक कोणी नव्हता. चित्र काढून घेणारा तर नव्हताच.

१९५४ मध्ये फ्रेंचांचा पराभव झाल्यावर तो फ्रान्सला आला आणि पुढे पॅरिसच्या अग्निशामक दलात दाखल झाला. हे दल तेथील सैन्याचाच एक भाग असून त्यात प्रवेश मिळणे सोपे नाही. दोरावर चढण्यात तो दलाचा अजिंक्यवीर होता. १९६९ च्या जानेवारीत पॅरिसच्या नोत्र दाम ह्या जगप्रसिद्ध मंदिराच्या उंच कळसावर कोणी रात्री व्हिएतनामी बंडखोरांचे निशाण लावून गेले. ते काढण्यास हेलिकॉप्टरखाली दोराला लोंबकळत गेलेला जवान हाच. ह्यूए शहरात जन्मलेल्या मुलाच्या वाट्याला नेमके हे काम यावे, ह्या योगायोगावर त्याने मनात काय म्हटले असेल कोण जाणे! आगीच्या व संकटाच्या प्रसंगी त्याने अनेकांचे प्राण वाचविले. १९९९ साली तो वारला.

ह्या रेमाँचा मुलगा दाव्हीद बेल, जन्म १९७३. तो बव्हंशी आजोळी वाढला, आणि आईचे वडीलही अग्निशामक दलातलेच. आगीतून माणसे कशी काढली ह्याच्या गोष्टी आपल्याकडील मुले रामायण ऐकतात तशा ऐकत तो मोठा झाला. पंधराच्या सुमारास तो पॅरिसच्या दक्षिणेकडील लिस नावाच्या वसाहतीत राहावयास गेला. सिमेंटच्या चाळवजा इमारती, जिने, कठडे, उतार, कट्टे, आणि करावयास काही नाही असे तरुण, हे तेथील दृश्य. जवळच तळ्याकाठी प्येर सेकेली ह्या शिल्पकाराने १९७५ मध्ये उभारलेली 'तळ्याची राणी' नावाची एक प्रचंड सिमेंटची आकृती आहे. मुळात ती चढण्यासाठीच केलेली, पुढे तिच्यावर चढण्यास मनाई झाली. बापाने जे अंधारात एकट्याने केले ते ह्या मुलाने दिवसाढवळ्या सोबत्यांबरोबर सुरू केले.

सोबती मिळून नऊ जण होते. यान नॉत्रा, सेबास्तियाँ फुकाँ, शॉ बेल-दिन् ही त्यांतली काही नावे. कोणाचे आईबाप आफ्रिकेतले, कोणाचे व्हिएतनामचे, कोणाचे इटलीचे. १९९७ मध्ये त्यांनी आपल्या मंडळास 'यामाकासी' असे नाव घेतले. ते काँगोकडील लिंगाला भाषेतील असून त्याचा अर्थ बळकट देहाचा, बळकट मनाचा मनुष्य असा आहे. ह्या मुलांचे नियम पाहिले म्हणजे त्यांना उनाड म्हणण्यास आमची तरी जीभ रेटत नाही. सर्वांनी एकदम आरंभ करावयाचा आणि सर्वांत मागे पडलेला पोहोचेपर्यंत कोणी संपले म्हणावयाचे नाही, हा एक नियम. एकदा साधलेली उडी साधली असे धरावयाचे नाही, पुन्हा पुन्हा साधली तरच ती आपली, हा दुसरा. तासन् तास चारी अंगांनी जिने चढावे-उतरावे, हाताला घट्टे पडेतो भिंतीला लटकावे, आणि मग कोठे एखादी मोठी उडी. तीही ज्याला आतून 'आज नको' वाटेल त्याने मारू नये.

पुढे चित्रपटवाल्यांची दृष्टी तिकडे गेली. २००१ मध्ये ह्याच मंडळाच्या नावाचा चित्रपट निघाला. दाव्हीद बेल आणि फुकाँ त्यापूर्वीच मंडळातून बाहेर पडले होते. २००३ मध्ये इंग्लंडमधील दूरचित्रवाणीवर फुकाँ आणि त्याचे सोबती लंडनच्या नामांकित इमारतींवरून धावताना दिसले, २००४ मध्ये दाव्हीदचा चित्रपट आला, आणि २००६ च्या एका जेम्स बाँड चित्रपटाच्या आरंभीचा फुकाँचा पाठलाग तर जगभर गाजला. विद्येचे नाव झाले, आणि नुकसानही. रेमाँने जे कोणाला दिसू नये म्हणून केले, ते आता दिसावे म्हणूनच होऊ लागले. आमच्या पुतण्याने दाखविले ते हेच. पंधरा वर्षांचा मुलगा पाहतो तेही हेच. त्या दहा सेकंदांच्या उडीमागची दहा वर्षे चित्रात येत नाहीत. गच्चीच्या कठड्यावर चित्र काढून घेताना तोल जाऊन मेलेल्या तरुणांच्या बातम्या आपण वाचतो, त्यांतील कित्येकांनी ह्या विद्येचा एक धडाही घेतलेला नसतो.

इंग्लंडने २०१७ मध्ये पार्कूर हा अधिकृत खेळ म्हणून मान्य केला. तसे करणारा तो पहिला देश. पुढील वर्षी आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक महासंघाने त्यास आपल्या छत्राखाली घेतले आणि २०२२ मध्ये टोकियोस जागतिक स्पर्धा भरविल्या. जुने पार्कूरवाले ह्यावर रुष्ट आहेत. आमची विद्या आम्हांस न विचारता नेली, हा एक राग. आणि तिला गुण व पदके चिकटविली, हा दुसरा. एबेर असता तर त्याने आणखी एक पुस्तक लिहिले असते!

आता ह्यात शास्त्र ते काय, हे सांगितले पाहिजे. ते सर्व उतरण्यात आहे. उडी कोणासही मारता येते. एक मीटर उंचीवरून खाली येणाऱ्या देहाला जमिनीने थांबवावयाचे असते. गुडघे ताठ ठेवून मनुष्य टाचांवर आदळला तर त्याचा भार जेमतेम ५ सेंटिमीटरांत थांबतो, आणि तेवढ्या वेळात जमीन त्याला त्याच्या वजनाच्या सरासरी २१ पट जोराने उलट ढकलते. ५० किलो वजनाच्या मुलाच्या बाबतीत हा दाब १,०५० किलोंचा झाला. तो घोटे, गुडघे आणि पाठीचे मणके सोसतात. तोच मुलगा चवड्यांवर उतरून घोटा, गुडघा आणि खुबा क्रमाने दुमडीत तोच भार ५० सेंटिमीटरांत थांबवील, तर हा जोर वजनाच्या तिपटीवर, म्हणजे १५० किलोंवर येतो. उंची तीच, मुलगा तोच, जमीन तीच. फरक पडला तो केवळ शिकण्याचा.

उंची अधिक असेल आणि अंगात पुढचा वेग असेल, तर ह्यापुढे लोळण घ्यावी लागते. आपल्याकडील मुलांची कोलांटी डोक्यावरून सरळ जाते. ही तशी नव्हे. हनुवटी छातीशी घेऊन एका खांद्याच्या पाठीमागून तिरपे लोळत पलीकडच्या कमरेवर उतरावयाचे, म्हणजे मान जमिनीस लागत नाही आणि मणक्यांची रांगही लागत नाही. बाकीचे प्रकार, नेमक्या जागी दोन्ही पाय ठेवून थांबण्याची उडी, हात टेकून कट्टा ओलांडणे, भिंतीवर पाऊल मारून उंच जाणे, काठाला लटकून वर येणे, हे सर्व ह्यानंतरचे. जो पडावयास शिकला नाही त्यास ते शिकवू नयेत.

आणखी एक कसोटी आहे, ती आम्हांस फार आवडली. चांगल्या उतरण्याचा आवाज होत नाही. धप् असा आवाज आला की समजावे, जो भार स्नायूंनी झेलावयाचा तो हाडांवर गेला. मांजर भिंतीवरून उतरते तेव्हा आपल्यास कळतही नाही, तसे.

पडण्याचा विषय निघाला म्हणून घरची एक गोष्ट सांगतो. आमच्या मातुःश्री पंचाहत्तराव्या वर्षी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला अडखळून पडल्या. उंबरा तो किती, चार बोटांचा! पण त्या पडल्या त्या लाकडासारख्या ताठ, हातही पुढे आला नाही; खुब्याचे हाड मोडले आणि त्यानंतरची तीन वर्षे त्यांनी पलंगावर काढली. त्यांनी आयुष्यभर कष्ट पुष्कळ केले होते, परंतु जमिनीवर बसणे-उठणे गुडघेदुखीमुळे सुटले आणि तोल सावरण्याची सवय त्याबरोबर गेली. लंडनमध्ये साठी उलटलेल्या लोकांसाठी पार्कूरचे वर्ग चालविले गेले, असे आम्ही वाचले तेव्हा प्रथम हसू आले, आणि लगेच मातुःश्रींची आठवण होऊन ते मावळले. ह्या वर्गांत कोणी आजोबा भिंतीवरून झेपावत नाहीत. ते बागेच्या बाकाला धरून एक पाय पलीकडे टाकतात, रस्त्याच्या कडेच्या अरुंद दगडावरून तोल सावरीत चालतात, हात टेकून जमिनीवर बसतात आणि उठतात. म्हणजे एबेरच्या दहा विभागांपैकी दोन-तीनच, पण वयाला शोभतील असे. ह्या विद्येतील लोक 'असावे आणि टिकावे' अशा अर्थाचे एक ब्रीद मानतात. साठाव्या वर्षीही जो कट्टा ओलांडू शकेल तोच खरा पार्कूरवाला, असा त्याचा अर्थ ते करतात. आज मारलेली उडी उद्याचे गुडघे खाणार असेल तर ती त्यांच्या हिशेबी फसलेली उडी.

कोणी विचारील, आपल्याकडे मल्लखांब आहे, सूर्यनमस्कार आहेत, मग ही फ्रेंच उसनवारी कशास? ज्या घरात मल्लखांब आणि वस्ताद दोन्ही आहेत त्या घराने खुशाल तेच चालवावे. त्याहून चांगले काही आम्ही सुचवीत नाही. परंतु खांब पुरण्यास अंगण लागते आणि शिकविण्यास मनुष्य लागतो. जेथे दोन्ही नाहीत तेथे जिना, कट्टा आणि कठडा तर असतोच, आणि मुलाचे लक्ष तिकडे गेलेलेच आहे.

आता त्या भगिनींच्या प्रश्नाकडे वळतो. कोंडून घालण्याचा उपाय वडिलांनी सोडून द्यावा. रेमाँ बेलला तर भिंतीआड ठेवलेलेच होते. रात्री सर्व निजल्यावर तो काय करी ते वर सांगितले. आपल्या देखत कट्ट्यावरून उडणारा मुलगा आपल्या नकळत गच्चीवर गेला, तर ते वाईट. धाकट्या दिरांनी मर्दुमकीचे उत्तेजन बंद करावे. ह्या विद्येत भीती ही लाज नसून मोजपट्टी आहे, आणि 'भितोस काय?' ह्या दोन शब्दांनी जितकी हाडे मोडली असतील तितकी भिंतींनी मोडली नसतील. मुलाची चूक मात्र त्यास नीट समजावून द्यावी. उडण्यापूर्वी उतरण्याची जागा पाहावी हा पहिला धडा. जो आजी दिवा लावीत असलेल्या जागी येऊन पडला, त्याचे ह्या शास्त्रातले पहिले पानच वाचावयाचे राहिले आहे. आजी नेमके तेच ओरडून सांगत आहेत. म्हणूनच वर आम्ही म्हटले की, सर्वांत कमी चूक त्यांची.

परवानगी द्यावी, परंतु पुढील मर्यादेत. पहिले सहा महिने जमीन सोडावयाची नाही. चारी अंगांनी अंगणाची फेरी, बैठका, लटकणे, विटेच्या उंचीच्या अरुंद काठावरून चालणे, आणि फरशीवर खडूच्या दोन रेघा ओढून एकीवरून दुसरीवर नेमके उतरणे. रेघांतील अंतर आपल्याच पावलांनी मोजावे व एका वेळी एका पावलाहून अधिक वाढवू नये. नंतर गुडघ्याएवढा कट्टा, मग कमरेएवढा. त्याहून उंच काहीही जाणत्या शिक्षकावाचून नाही, आणि गच्ची कधीच नाही. भिंत आधी हाताने चाचपून पाहावी. पॅरिसकडील सिमेंटच्या कठड्यांची गोष्ट वेगळी. आमच्याकडे कंपाउंडच्या भिंतीवर काचा रोवलेल्या असतात, जुन्या भिंतींचे दगड पावसाळ्यानंतर सुटे झालेले असतात, आणि श्रावणात शेवाळे असे धरते की मांजरही घसरेल. पावसाळ्याचे चार महिने बाहेरचा सराव बंद. दुसऱ्याच्या आवारात पाऊल नाही. मोबाईल घरात ठेवून जावे. ही अट मुलास सर्वांत जड वाटेल, म्हणून ती सर्वांत कडक पाळावी. घरातील मुलींनाही ह्या सरावास बसवावे, नाही तर परवानगी अर्धीच दिली असे होईल.

सहा महिन्यांच्या अखेरीस परीक्षा घ्यावी. धाकट्या चुलतभावास पाठुंगळीस घेऊन जिना उतरता येतो का, पाण्याची भरलेली बादली न हिंदकळता माडीवर नेता येते का, हे पाहावे. उचलून नेणे हा एबेरचा एक विभागच होता, आणि मुले नेमका तोच गाळतात.

राहिल्या आजी. पत्रात असे लिहिले आहे की, त्यांस हल्ली दिसते कमी, पण कान तिखट आहेत. दुपारी वाटीतला चमचा पडला तरी त्या माजघरातून विचारतात. तेव्हा रोज सायंकाळी अर्धा तास त्यांचा पाट ओसरीवर मांडावा आणि मुलाने अंगणात त्यांच्याकडे पाठ न करता सराव करावा. उतरताना आवाज झाला की आजींनी 'ऐकू आले' एवढेच म्हणावे. तेवढी उडी रद्द. ज्या दिवशी दहांपैकी दहा वेळा आजींस काही ऐकू येणार नाही, त्या दिवशी कट्टा एक वीत वाढविण्यास हरकत नाही. फाटकाशेजारच्या कट्ट्याची आजची उंची किती, आणि त्याच्या पलीकडे जमीन आहे की फरसबंदी, हे भगिनींनी पत्रात कळविलेले नाही. ते मोजून कळवावे.